मदत हवी आहे: हृदयाचे ठोके मोजायला छातीचा पट्टा घ्यावा की दंडावरचा?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते. आठवड्यातून ३ दिवस सयाजीबागेत स्प्रिंट, २ दिवस केटलबेल (मूठ असलेलं लोखंडी वजन). मनगटावरचं घड्याळ धाप लागायच्या आतच १७५ ठोके दाखवतं, बहुतेक पावलांचीच गती मोजतं. केटलबेलला उलट, पार दम निघाला तरी ११०वर अडकलेलं! घड्याळाचा पट्टा घट्ट करून पाहिला, मनगटाच्या हाडापासून वरही सरकवला, फरक शून्य.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत वाचतो, म्हणून पोलर एच१० घ्यावासा वाटतोय. अँड्रॉइड फोन आहे, बजेट १० हजार, डॉक्टरांनी व्यायामाला हरकत घेतलेली नाही. पण मे महिन्यात, घामाने निथळताना, स्पोर्ट्स ब्राखाली तो घसरतो किंवा काचतो का? आणि दंडावरचा पट्टा केटलबेलच्या झटक्यांत खरे आकडे देतो का? कुणी दोन्ही वापरलेत?