नाश्त्याचं बुकिंग आणि हॉटेलातलं पार्किंग
दादरहून अमेरिकेतल्या ऑर्लँडोला निघालेल्या ताईंनी विचारलंय, डिस्नेच्या कंटेम्पररी हॉटेलात नाश्ता करून गाडी दिवसभर तिथेच ठेवली तर चालेल का? कृपया तसं करू नका. तिथून मॅजिक किंगडम, म्हणजे डिस्नेचं थीम पार्क, चालत दहा-एक मिनिटांवर, म्हणून हॉटेलच्या गेटवर फार कडक असतात. आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखं नाव, बुकिंग विचारतात. जेवायला आलेल्यांना ठरावीक वेळच मिळते. नाश्ता झाला की गाडी काढा, पार्कच्या पार्किंगला लावा, पुढे मोनोरेल किंवा फेरी बोट आहेच. तिथे पैसे पडतात, पण लहान मुलं सोबत असताना गाडीची धास्ती नको. हॉटेलात राहणाऱ्यांना मात्र रात्रीचं पार्किंग जानेवारी २०२३पासून पुन्हा मोफत आहे, पार्कच्या पार्किंगचेही पैसे पडत नाहीत.