परतलेल्या सैनिकाचा ‘धसका’, ‘हाय’ की आणखी काही?

लेखणी: चित्रपट मंडळासाठी ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ (१९४६) या अमेरिकन चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. दुसरं महायुद्ध आटोपून तिघं एकाच गावी परततात. अल बँकेतला साहेब, लढाईत सार्जंट. फ्रेड दुकानात सोडा-आइस्क्रीम देणारा पोऱ्या, लढाईत बाँबफेकी विमानावर कॅप्टन. होमर दोन्ही हात गमावलेला खलाशी. फ्रेड झोपेत ओरडतो, पेटलेल्या विमानातल्या सोबत्यांना उड्या टाकायला सांगतो. प्रास्ताविकात मी ‘आघातोत्तर ताणविकार’ (पीटीएसडी) लिहिलंय, पण संवादात ते बसत नाही. धसका, धास्ती, धक्का, यातलं काय घेऊ? शिवाय परतीच्या विमानात अल म्हणतो, सगळे आपलं ‘रिहॅबिलिटेशन’ करायला बघतील याचीच जास्त भीती वाटते. तिथे ‘पुनर्वसन’ चालेल?

काटेकोर: प्रास्ताविकातूनही ताणविकार काढा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ग्रंथात हे नाव १९८० साली आलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी लावून धरल्यावर. चित्रपट त्याआधी ३४ वर्षांचा. त्या काळी ‘कॉम्बॅट फटीग’ म्हणत, म्हणजे लढून लढून आलेला थकवा. विश्रांती दिली की माणूस परत आघाडीवर धाडायला मोकळा, अशी सोय त्या नावातच होती.

शनवारकर: ‘शेल शॉक’ तर त्याच्याही आधीचा ना?

काटेकोर: हो, पहिल्या महायुद्धातला. शेल म्हणजे तोफगोळा. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापील वापरला. पण ज्यांच्या जवळपासही तोफगोळा फुटला नव्हता त्यांचेही हातपाय थरथरायला लागले, वाचा बसली. मग १९१७ मध्ये ब्रिटिश लष्करानेच तो शब्द वापरायला बंदी केली. त्याचं ‘तोफगोळ्याचा धक्का’ असं भाषांतर दिसलं की मला वाचवत नाही.

कृष्णाकाठ: धास्ती पुढच्याची, धसका मागच्याचा. आमच्या सांगलीत पाणी वाढेल ही दर पावसाळ्याची धास्ती. २००५ नि २०१९ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचा तो धसका. आमच्या शेजारच्या काकू चार दिवस झड लागली की पीठ-तांदळाचे डबे माळ्यावर चढवतात. नदी पात्रात असली तरी. फ्रेडचं तेच, लेखणीताई. लढाई संपलीय, त्यामुळे धास्ती नाहीच.

शनवारकर: ‘हाय खाणे’ का नको? नानासाहेब पेशव्यांनी पानिपतची हाय खाल्ली नि १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर गेले, असंच आपण शाळेपासून वाचलंय.

काटेकोर: म्हणूनच नको. नानासाहेब पानिपतावर नव्हते, त्यांच्यापर्यंत बातमी आली. हाय खातो तो झुरत जातो. फ्रेड झुरत नाही. जेवतो, दारू पितो, नोकरीवर जातो, रात्री ओरडतो.

माणदेशी: आमच्याकडं घरटी एक मिलिटरीत. आजाराचं नाव कुणी घेत नाही. चुलते ७१ ची लढाई करून आलेले. आजी एवढंच म्हणायची, ‘त्याची झोप मोडलीया, हात लावून उठवू नगा, दारातनं हाक मारा.’ आम्ही पोरं उंबऱ्यावरनंच ओरडायचो. बाहेरचे लोक मात्र सरळ ‘डोकं फिरलंय’ म्हणायचे. ते शब्द चित्रपटात कुणाच्या तोंडी टाकायचे तर फ्रेडच्या बायकोच्या टाका.

लेखणी: तिचीच अडचण आहे! मरी त्याला वैतागून सांगते की लढाई संपली, आता झटक हे सगळं. मी ‘यातून बाहेर ये’ केलं होतं.

कृष्णाकाठ: ते समुपदेशकाचं झालं. बायको म्हणेल, ‘पुरे की आता! किती दिवस धसका घेऊन बसणारेस?’ इथे ‘घेऊन’ हवंच. धसका ‘बसतो’ तेव्हा माणसाचा दोष नसतो, ‘घेतला’ म्हटलं की थोडा त्याच्या माथी येतो. अलची मुलगी पेगी त्याचा घाम पुसते, तिने म्हणायची वेळ आलीच तर ‘बसलाय’ म्हणावं.

शनवारकर: हे झकास. माझी हाय मागे घेतो.

माणदेशी: आणि पुनर्वसन अजिबात नको. पुनर्वसन म्हटलं की कोयनेचे धरणग्रस्त नि गावठाणातले प्लॉट. अलला तर घर आहे, बायको आहे, बँक परत बोलावतीय. त्याला म्हणायचंय, ‘सगळे मला माणसात आणायला टपलेत.’

काटेकोर: ‘माणसात आणणे’! यात लढाईवरून आलेला अजून माणसात नाही असं घरच्यांनी आधीच धरलेलं असतं, आणि अल नेमका त्यालाच टरकतो. मूळ इंग्रजीत एवढा टोला नाही, पण मी हेच घेईन.

लेखणी: घेतलं. शेवटाकडे फ्रेड भंगारात काढलेल्या बाँबफेकी विमानात चढून पुढच्या काचेच्या नाकाडात आपल्या जागेवर बसतो, तिथे काही लिहू का?

काटेकोर: काहीही नको. तिथे संगीतातूनच इंजिनांचा भास होतो. मुकादम खालून हटकतो तिथपासून अक्षरं सुरू करा.

लेखणी: एक राहिलं, ‘बॉम्बार्डियर’. मी ‘वैमानिक’ केलंय.

काटेकोर: फ्रेड विमान चालवत नाही, नेम धरून बाँब सोडतो. ‘बॉम्बार्डियर’ तसंच ठेवलं तर तोफखान्यातला हुद्दा वाटेल. ‘बाँब टाकणारा’ लिहा आणि पुढे चला.