मधलं काहीही कापा, पण शेवटाला हात लावू नका

अर्धविराम

कादंबरीवरून सिनेमा करताना पात्रं गाळा, प्रसंग मागेपुढे करा, दोन मावश्यांची एक मावशी करा, माझी काही तक्रार नाही. 'श्यामची आई'त बेचाळीस रात्री आहेत. अत्र्यांनी १९५३ साली सिनेमा काढताना त्या सगळ्या घेतल्या असत्या तर प्रेक्षकांनाही बेचाळीस रात्री बसावं लागलं असतं. काटछाट होणारच.

पण शेवट? लेखक तीनशे पानं चालतो तो त्या एका जागी पोचायला.

'गाइड' घ्या. आर. के. नारायण यांच्या १९५८ च्या कादंबरीत गावाने साधू मानलेला, पावसासाठीच्या उपासाने खंगलेला राजू नदीच्या पात्रात उभा राहतो, डोंगरात पाऊस पडतोय, पायाखाली जाणवतंय असं म्हणतो आणि खाली बसत जातो. पाऊस आला का, राजू गेला का, नारायण सांगत नाहीत. १९६५ च्या हिंदी सिनेमात धो धो पाऊस पडतो. म्हणजे ज्या माणसाबद्दल आपण शेवटपर्यंत 'हा लबाड की साधू?' असं घोळत होतो, त्याला वरूनच प्रमाणपत्र मिळालं. पुस्तकातला सगळा मिश्कीलपणा त्या पावसात वाहून गेला. खुद्द नारायण यांनी या सिनेमावर वैतागून लेख लिहिला, त्याचं नावच 'मिसगाइडेड गाइड'.

शेवट बदलायचाय? खुशाल बदला. मग नावही बदला.

रिकामी खुर्ची

साफ असहमत.

'शतरंज के खिलाडी'. प्रेमचंदांच्या कथेत मीर आणि मिर्झा हे बुद्धिबळाचे नादी सरदार डावावरून भांडतात, एकमेकांच्या घराण्यांची लाज काढतात, तलवारी उपसतात आणि दोघंही मरतात. सत्यजित रायांनी १९७७ मध्ये त्यांना मारलंच नाही. पिस्तुलाची गोळी शालीला चाटून जाते, दोघं खजील होतात आणि पुन्हा पट मांडतात, या वेळी इंग्रजी पद्धतीने, म्हणजे वजिराच्या जागी राणी. वजिराने हटायचं, मलिका येते आहे! तिकडे अवधचं राज्य इंग्रजांच्या घशात गेलं आणि हे दोघे जिवंत, खेळतायत. मला हा शेवट मूळ कथेपेक्षा जास्त बोचतो. ज्याने राज्यासाठी बोट उचललं नाही तो डावासाठी मेला तर त्याला निदान मरण तरी मिळालं. रायांनी तेही दिलं नाही.

तुमच्या नियमाने हा सिनेमा दुसऱ्या नावाने यायला हवा होता. कशासाठी? आणि हक्क विकत घेतल्यावर विकलेल्या घराच्या भिंतीला कुठला रंग दिला हे जुन्या मालकाने का विचारावं?

अर्धविराम

घर विकल्यावर दारावरची पाटी उतरवतात हो! इथे पाटी तीच ठेवून आत भलताच संसार मांडतात, त्याचा राग आहे.

शतरंजबद्दल: ती कथा आहे, कादंबरी नाही. काही पानांचा दोन तासांचा सिनेमा करायचा तर भर घालावीच लागते. अवधचा नवाब वाजिद अली शाह आणि इंग्रज रेसिडेंट औट्रम यांचा केवढा भाग रायांनी स्वतः उभा केलाय. तिथे माप वेगळं लावायला मी तयार आहे.

रिकामी खुर्ची

म्हणजे नियम तुमचा, अपवादही तुमचाच. छान आहे.

फेड आउट

मी काही वर्षं पटकथेच्या कामात आहे, म्हणून थोडं आतलं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर अंदाजे एक मिनिट, हा धंद्यातला ठोकताळा. दोन तासांचा सिनेमा म्हणजे एकशेवीस पानं, त्यातही निम्मा कागद कोरा. तीनशे पानांच्या कादंबरीतून बरंच बाहेर राहणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं.

शेवटाची अडचण वेगळीच आहे. 'राजूला वाटलं पाऊस येतोय' हे वाक्य कागदावर बिनधोक उभं राहतं, कारण वाचकाला राजूच्या डोक्यात बसवलेलं असतं. कॅमेरा बाहेर उभा. आभाळ दाखवा किंवा दाखवू नका, प्रेक्षक उत्तर मागतोच. चेहऱ्यावर थांबून काळोख करता येतो, मान्य. पण इतका वेळ लोकांना आभाळाकडे बघायला लावलंय, 'अल्ला मेघ दे' ऐकवलंय, आणि आता पाऊस नाही? निर्माता राहू दे, थिएटरातला शेवटचा माणूसही पैसे परत मागेल.

आणि पुस्तकाशी अति इमान राखलं की काय होतं तेही बघा. एरिक फॉन श्ट्रोहाइमने फ्रँक नॉरिसची 'मॅकटीग' ही कादंबरी घेऊन १९२४ साली 'ग्रीड' केला, जवळजवळ पानागणिक. पहिली प्रत आठ तासांच्या वर गेली! स्टुडिओने कापून कापून ती सव्वादोन तासांच्या आसपास आणली. उरलेलं चित्रीकरण गेलं ते गेलंच.

अर्धविराम

अहो, 'ग्रीड' तर माझ्याच बाजूचा साक्षीदार! एवढी कत्तल झाली, पण कादंबरीचा शेवट जागेवर राहिला. वाळवंटात एकाने दुसऱ्याला मारलेलं, आणि मारणाऱ्याचा हात बेडीने त्या प्रेताला जखडलेला. पुढचं सांगायची गरज नाही. पाऊण सिनेमा जाऊनही तो आजपर्यंत टिकला त्यात या शेवटाचाही वाटा आहे.

दुमडलेलं पान

तुम्ही सगळे शेवटाभोवती पिंगा घालताय. माझं दुखणं दुसरंच आहे.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, हसाल. सिनेमाने पुस्तकाशी दगाफटका केलाय असं कुणी म्हणणार नाही. आणीबाणीचा काळ तोच, सुऱ्या, चित्र्या, फावड्या तेच, शिरोडकर तीच, शेवटही कुणी मोडून टाकलेला नाही. तरी बाहेर पडताना मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. घरी येऊन पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर कळलं: जोशीचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या मुलाचा, आवाज. ते मनातल्या मनात चाललेलं बोलणं, मोठ्यांची उडवलेली टर, आपण फार हुशार आहोत ही खात्री आणि मधेच फुटलेला घाम. पडद्यावर त्या जागी एका गुणी मुलाचा चेहरा आहे. चेहरा चांगला आहे, पण तो माझ्याशी बोलत नाही.

प्रसंग सगळे घेऊनही पुस्तक सुटतं ते असं. त्यावर तुमच्या नियमात काय तरतूद आहे?

आडवा प्रश्न

'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून झाला, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. आता प्रामाणिक राहायचं ते कुठल्या शेवटाशी? टॉस करायचा का?

(मी सिनेमा आधी पाहिला, पुस्तकं नंतर वाचली. त्यामुळे मला पुस्तकांनीच बदल केल्यासारखं वाटलं होतं.)

फेड आउट

आडवा प्रश्न, तुमचा कंस मूळ प्रश्नापेक्षा भारी आहे.

अर्धविराम

'शाळा'बद्दल माझ्याकडे उत्तर नाही. निवेदन टाकलं असतं तर 'रेडिओ लावलाय' म्हणून आपणच ओरडलो असतो.

रिकामी खुर्ची, तुमच्यामुळे काल रात्री 'शतरंज' पुन्हा पाहिला. ते दोघं पट फिरवून बसतात तो प्रसंग जबरदस्त आहे, कबूल. मग कथा काढून वाचली. तिच्यात शेवटी पडक्या मशिदीत दोन प्रेतं आणि पटावरचे दोन राजे उरतात. हे वाचल्यावर पुन्हा माझ्याच बाजूला आलो. 'गाइड'च्या पावसाला मात्र माफी नाही.

रिकामी खुर्ची

पावसाबद्दल मी कधी भांडलोच नव्हतो.