सिंगल स्टेज प्रेस कुठला घ्यावा? पहिलाच आहे, .308 साठी

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, मी मूळचा ठाण्याचा, 6 वर्षं झाली टेक्सासला आहे, सध्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कासारवडवलीला घरी आलोय आणि पुढच्या महिन्यात परत चाललोय. तिकडे माझ्याकडे .308 ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, महिन्यातून एकदा-दोनदा रेंजवर जातो, 40-50 राऊंड होतात. आता रीलोडिंग, म्हणजे उडवलेल्या पुंगळ्या घरी परत भरणं, चालू करायचंय, पैसे वाचवायचे म्हणून नाही तर फॅक्टरीच्या राऊंडने 100 यार्डांवर ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा घोळका) दीड इंचाच्या खाली येतच नाहीये म्हणून. ली कंपनीचा क्लासिक कास्ट, आरसीबीएसचा रॉक चकर आणि फॉर्स्टरचा को-अ‍ॅक्स असे तीन प्रेस डोक्यात आहेत, व्हिडिओ बघून बघून आणखीच गोंधळ झालाय. भाड्याचं अपार्टमेंट आहे, भिंतीला-जमिनीला काही ठोकता येणार नाही, आणि मुलगी दीड वर्षाची आहे. वापरलेल्या कोणी असेल तर सांगा प्लीज.

नेरूळचा_काका
14 वर्षं ओहायोत होतो, त्यातली 11 रीलोडिंग केलं, परत येताना सगळं तिथल्या मित्राला देऊन आलो. तुला क्लासिक कास्ट. मुलगी दीड वर्षाची आहे हे वाचलं आणि माझ्यापुरता विषय तिथेच संपला, कारण त्याचा रॅम (पुंगळी वर ढकलणारा दांडा) पोकळ आहे, उडवलेला प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगीची टोपी) रॅममधूनच खाली नळीत जातो. माझा जुना रॉक चकर होता, प्रेस म्हणून दणकट, नातवापर्यंत टिकेल असा, पण प्रायमर टपाटप जमिनीवर पडायचे आणि जळलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. रांगणारं-चालणारं पोर आणि ती काजळी एका खोलीत नको. काम झालं की हात साबणाने धुवायचे, मग मुलीला उचलायचं.

दुसरं, प्रेसवर सगळे पैसे घालवू नकोस, काट्यासाठी ठेव. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा, आणि तुझा काटा त्याचाही दहावा भाग नीट दाखवायला हवा, सोबत चेक वेट (काटा तपासायचं ठरलेलं वजन) पाहिजेच. लोड, म्हणजे किती पावडर घालायची ते, पावडर कंपनीच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचा, सुरुवातीच्या आकड्यापासून हळूहळू वर जायचं. व्हिडिओत कोणी सांगितलेला आकडा कधीही घ्यायचा नाही.

आणि ल्यूब, पुंगळीला लावायचं वंगण!! पहिल्याच महिन्यात रात्री साडेअकराला एक पुंगळी कोरडी राहिली माझ्याकडून, हँडल अर्ध्यावर आलं आणि एकदम जड झालं, तिथे थांबायला हवं होतं, मी दाबलं. परत हँडल वर घेताना कच्चकन आवाज आला, रिम फाटून शेल होल्डरमध्ये (पुंगळीचं बूड धरणारी खाच) आणि पुंगळी डायमध्ये (तिला परत मापात आणणारा साचा) गच्च. मग तिला खालून भोक पाडून, आटे पाडून, बोल्ट लावून ओढून काढली, दोन तास गेले. सिंगल स्टेजचं खरं सुख हेच की प्रत्येक पुंगळी हाताला काहीतरी सांगते, ते ऐकायचं. हँडल जड लागलं की थांब.

रबाळे_टूलरूम
बंदुकीतलं मला फार कळत नाही पण प्रेस कळतो, 22 वर्षं नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात फ्लाय प्रेस-पॉवर प्रेसवर काढली म्हणून लिहितोय. सी फ्रेम घेऊ नका, लोड आला की सीचं तोंड उघडतं, केसभर का होईना, आणि मग रॅमची आणि डायची लाइन एक राहत नाही. तुमचे तिन्ही बंद फ्रेमचे आहेत, कास्ट आयर्न का अ‍ॅल्युमिनियम हे बघा फक्त. रॅम पूर्ण वर घेऊन बोटाने आडवा हलवून बघायचा, किती खेळतो ते.

पण थोडा प्ले म्हणजे माल खराब असं समजू नका. तुमच्या त्या को-अ‍ॅक्सचं चित्र बघितलं, त्यात डाय आट्यात आवळतच नाही, खाचेत सरकवून मोकळी ठेवतात, खालचे जबडेपण जरा मोकळे. आमच्याकडे फ्लोटिंग रीमर होल्डर असतो, रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) भोकाच्या मागे आपोआप जातो, तीच आयडिया. मला तो फार आवडला, ज्याने बनवला त्याला काम माहिती होतं.

नेरूळचा_काका
@रबाळे_टूलरूम साहेब एकदम बरोबर, को-अ‍ॅक्सची ख्याती त्यासाठीच आहे. पण किमतीत क्लासिक कास्टच्या दुपटीहून जास्त जातो, महिन्याला 50 राऊंडवाल्याने पहिलाच प्रेस म्हणून घेऊ नये असं माझं मत. डाय तिघांनाही त्याच 7/8-14 आट्याच्या (7/8 इंच व्यास, इंचाला 14 आटे) लागतात, उद्या प्रेस बदलला तरी डाय वाया नाही जात.

दहामीटर_ठाणे
मी एअर रायफलवाला, इथे ठाण्यात सराव करतो. मलापण हे शिकावंसं वाटतं, इथे घरी करता येईल का?

नेरूळचा_काका
नाही रे बाबा, आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट 1959 च्या कलम 5 प्रमाणे काडतूस बनवायला लायसन्स लागतं, घरी छंद म्हणून करायचा विचारही नको. आणि तुला गरजही नाही. स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसला 50 मीटरमध्ये ब्राँझ आणलं ना, ती .22 रिमफायर (ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो), ती पुंगळी परत भरायची नसतेच, ते लोक वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून मारून बघतात आणि जुळेल तो लॉट उचलतात. तू पेलेटचं तसंच कर.

घोडबंदरकर, तू पुढच्या वेळी इकडे येताना बॅगेचा कप्पा न् कप्पा झटकून बघ. रेंजला नेलेल्या बॅगेत एक जिवंत राऊंड राहिला तरी एअरपोर्टवर केस होते.

घोडबंदरकर
काका, ही बॅग वेगळीच आहे पण बघतो आजच. क्लासिक कास्ट नक्की केला. आता फक्त बसवायचा कसा ते सांगा, जेवणाचं टेबल सोडून एक जुनं लाकडी डेस्क आहे.

नेरूळचा_काका
जेवणाचं टेबल अजिबात नको. दीड-दोन इंची जाड फळी घे, प्रेस फळीच्या कडेला आरपार बोल्टने, आणि फळी डेस्कला दोन मोठ्या सी क्लॅम्पने. दाबताना डेस्क हलत नाही, हँडल वर घेताना उचलतं, कारण डायमधला मान रुंद करणारा गोळा पुंगळीच्या मानेतून ओढून बाहेर येत असतो. म्हणून डेस्कच्या खालच्या फळीवर वजन ठेव, मी तांदळाच्या दोन गोण्या ठेवायचो. मानेला आतून चिमूटभर ल्यूब लावलंस की तो ओढापण बराच कमी होतो.