मदत हवी आहे: बॉनजवळचं झीबेनगेबिर्ग, एक दिवस, सोबत गुडघेदुखीचा त्रास असलेली आई

येत्या शनिवारी कोलोनहून झीबेनगेबिर्गला जायचा बेत आहे. आईला चढ-उतार फारसा झेपत नाही. सपाट रस्त्यावर हळूहळू दोनेक किलोमीटर चालते. मला मात्र सगळ्यात उंच टेकडीवर जायचंय. दोन्ही एका दिवसात बसेल का? गाडी नाही, डॉइचलांड-तिकीट (देशभरातल्या स्थानिक गाड्या-बसना चालणारा मासिक पास) आहे. नकाशावर टेकड्या पन्नासभर दिसतात, कुठली धरायची तेच कळत नाहीये.

ऱ्हाइनकाठ:
बसेल, पण आधी रेल्वेचं बघा, कारण निम्मे लोक तिथेच चुकतात. कोलोनहून कोब्लेन्झला जाणाऱ्या गाड्या ऱ्हाइनच्या दोन्ही काठांनी धावतात. टेकड्या उजव्या काठावर आहेत, म्हणून बॉन-बॉयलवरून जाणारी आरई ८ किंवा आरबी २७ पकडा आणि क्योनिग्सविंटरला उतरा. बॉन मुख्य स्थानकावरून पुढे जाणारी गाडी धरलीत तर डाव्या काठावरच राहाल. तसं झालंच तर मेलेमला उतरून नदीवरच्या फेरीबोटीने पलीकडे या. बॉन मुख्य स्थानकावरून ६६ नंबरची ट्रामही येते, फक्त पाटीवर बाड होनेफ लिहिलेलं बघून चढा. तीच ट्राम उलट्या दिशेला झीगबुर्गला जाते.

आईसाठी द्राखनफेल्स ही टेकडी (३२१ मी.). १८८३ पासून दातेरी रुळावर चालणारी छोटी रेल्वे वर जाते. लांबी दीड किलोमीटर, चढ २२० मीटर. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं, डॉइचलांड-तिकीट चालत नाही. एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: वरचं स्टेशन २८९ मीटरवर आहे. म्हणजे किल्ल्याच्या पडक्या बुरुजापर्यंत शेवटचे तीसेक मीटर पायीच, आणि तेही खडे. आईंनी ते सोडून द्यावं. स्टेशनाला लागूनच गच्ची आहे, तिथून ऱ्हाइनमधली नोनेनवेर्थ आणि ग्राफेनवेर्थ ही बेटं आणि समोरच्या काठावरची रोलांड्सबोगेनची कमान दिसते. बुरुजावरून याहून वेगळं फार काही दिसत नाही.

उतरताना मधल्या स्टेशनवर द्राखनबुर्ग हा महाल. दिसतो मध्ययुगीन, पण बांधलाय १८८२ ते १८८४ मध्ये, एका पैसेवाल्या दलालाने, आणि तो तिथे कधी राहिलाच नाही. आत जिने आहेत. आईंना बाग पुरेशी आहे.

कातळवेडा:
+१. फक्त 'पायी उतरू, उतारच तर आहे' असा मोह आवरा. एझेल्सवेग ही गाढवांची जुनी वाट फरसबंद आहे खरी, पण तीव्र उताराची. गुडघ्यांची वाट चढताना नाही, उतरताना लागते. दरडीच्या धोक्यामुळे इथल्या वाटा अधूनमधून बंदही ठेवतात, सकाळी निघायच्या आधी तपासा.

आणि वर गेलात तर पायाखालचा दगड बघाच. करड्या ट्रॅकाइटमध्ये (हा ज्वालामुखीजन्य खडक) दोन-चार सेंटीमीटरचे चपटे, पांढुरके सॅनिडिन या खनिजाचे स्फटिक रुतलेले असतात, काही उन्हात चमकतात. कोलोन कॅथेड्रलच्या मध्ययुगीन भागात हाच दगड आहे. परत गेल्यावर भिंतीजवळ उभं राहून बघा, तेच स्फटिक सापडतील. खाणीने डोंगर इतका पोखरला होता की १८३६ मध्ये प्रशियाच्या सरकारने माथा विकत घेऊन ती थांबवली.

सह्याद्रीसारखे लाव्ह्याचे थर मात्र शोधू नका. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी इथे आधी राखेचा जाड थर साचला, मग शिलारस त्यात घुसून आतल्या आत थिजला. मऊ राख झिजून गेली आणि उरले ते हे घुमट.

धागाकर्ता:
ट्रेनचं लक्षात आलं, धन्यवाद. आई गच्चीवर किंवा बागेत बसेल. तेवढ्या वेळात मी सगळ्यात उंच टेकडी करून येऊ शकतो का?

ऱ्हाइनकाठ:
द्राखनफेल्सवरून नाही, आईंना फार ताटकळत बसावं लागेल. सगळ्यात उंच ग्रोसर योल्बेर्ग (४६० मी.) मागच्या रांगेत आहे, मध्ये दरी आणि दोन-तीन टेकड्या. त्यापेक्षा दुपारी क्योनिग्सविंटरहून मार्गारेटनहोएची बस घ्या. ती खिंड आहे, तिथून माथा अर्ध्या-पाऊण तासावर. हवा स्वच्छ असेल तर वरून कोलोन कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. शनिवारी बस विरळ असते, म्हणून परतीची वेळ चढायच्या आधी टिपून ठेवा. खिंडीच्या दुसऱ्या बाजूला ल्योवेनबुर्ग (४५५ मी.) आहे, दोन्ही एकाच दुपारी करायचा हट्ट नको.

निळ्यावर पांढरा R म्हणजे ऱ्हाइनश्टाइगची, ऱ्हाइनकाठच्या लांब पल्ल्याच्या पायवाटेची, मुख्य वाट. तोच R पिवळ्यावर दिसला तर ती गावाकडे किंवा स्टेशनकडे जाणारी जोडवाट, तिला लागलात तर डोंगर सुटला.

रानवाट:
आईंना टेकडीच नको असेल तर हायस्टरबाख बघा. सिस्टर्शियन साधूंचा मठ, चर्चचं काम १२०२ ते १२३७. पुढे १८०९ पासून ते पाडून दगड विकले. उरला आहे फक्त वेदीमागचा अर्धगोल भाग, झाडांमध्ये उघड्यावर. आवार बरंचसं सपाट आहे, बसायला जागा आहे. पेटर्सबेर्ग टेकडी त्याच बाजूला, पण तिथलं हॉटेल बघायला मुद्दाम चढू नका.

गवतातून चाललात तर गोचीड तपासा, विशेषतः गुडघ्यामागे आणि मोज्याच्या काठाला. चिकटलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल लावू नका.