अठरा नको, नऊ होल पुरेत

एका दादांनी लिहिलंय की नाशिकला सर्वांसाठी गोल्फ कोर्स करायचा तर अठरा होलचा (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एक पट्टा) आणि हिरवागारच हवा. मला हे पटत नाही. नऊ होल करा, प्रत्येक होलला दोन टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या दोन जागा, द्या. दुसऱ्या फेरीत अंतर आणि कोन बदलतो, निम्म्या जागेत अठरा खेळून होतात.

खरी अडचण काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मे महिन्यात आमच्या मळ्यात अशा भेगा पडतात की ४३ मिलिमीटरचा चेंडू आत गेला तर हाताला लागायचा नाही. म्हणून मुरमाड, उताराची जागा बघा. आधी चर खणा, गवत नंतर. ग्रीनऐवजी, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीऐवजी, ब्राउन चालतील: तेल कालवलेल्या वाळूचा दाबून सपाट केलेला गोल, पट (खळग्याकडे चेंडू हलकेच ढकलायचा फटका) मारण्याआधी फळीने ओढून घ्यायचा. त्याला पाणी लागत नाही. टँकरची वाट बघणाऱ्या गावांशेजारी स्प्रिंकलर फिरवणं मला तरी बघवणार नाही.

आणि चालायला वाट हवीच. आपल्या गोल्फ क्लब मैदानाच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या, नावातच गोल्फ उरलाय, पण पहाटे माणसं तिथे चालायला येतात. नव्या जागी दोन्ही नांदू दे. फक्त वाट होलच्या डाव्या अंगाला ठेवा, उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांचा चेंडू बहुतेकदा उजवीकडे वळतो.