वडिलांच्या धोतराला आणि कोल्हापुरीला मज्जाव होईल का?

प्रश्न (मिरजकर):
येत्या महिन्यात अण्णांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त त्यांना मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात जेवायला न्यावे, असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. ते जन्मभर धोतर, नेहरू शर्ट आणि कर्रकर्र वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला वापरत आले आहेत. टेबल राखून ठेवताना ‘स्मार्ट कॅज्युअल, पुरुषांना उघडी पादत्राणे चालणार नाहीत’ अशी सूचना वाचली आणि जीव धास्तावला. हे नियम आता सैल झाले आहेत ना?

उत्तर (निवृत्त कॅप्टन, म्हणजे हॉटेलातल्या वाढप्यांचा प्रमुख):
पुष्कळ सैल झाले आहेत. मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला कोट सक्तीचा होता आणि विसरून आलेल्या पाहुण्यांसाठी दाराशी तीन गडद निळे कोट टांगलेले असत. त्यांच्या अस्तरावर हॉटेलच्या धोब्याचा क्रमांक लाल धाग्याने शिवलेला असे. मी निवृत्त झालो, तेव्हा त्याच दारातून टी-शर्ट आणि स्नीकर घातलेले पाहुणे सन्मानाने आत जात होते. पादत्राणांची अट मुख्यतः रबरी स्लिपरसाठी असते, पण दारावरचा नवा मुलगा ती शब्दशः लावू शकतो. म्हणून मॅनेजरशी आधीच बोला, धोतर आणि कोल्हापुरी असे स्पष्ट सांगा आणि बुकिंगवर तशी नोंद करून घ्या.

उत्तर (वकील, ठाणे):
कायद्याचा आधार तोकडा आहे. राज्यघटनेच्या कलम 15(2) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून उपाहारगृहात कोणाला मज्जाव करता येत नाही; त्या यादीत पोशाख नाही. 2014 साली चेन्नईतल्या एका क्लबने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी (तिकडचे धोतर) नेसली म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा तमिळनाडूने त्याच वर्षी असा मज्जाव करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड ठरवणारा कायदा केला. तो त्या राज्यापुरताच आहे. आपल्याकडेही तसा व्हावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (कोल्हापूरची लेक):
2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल आहे, आणि 2025 मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर तिच्याच घडणीची पादत्राणे झळकली. अण्णांना बूट घालायला लावू नका.

मिरजकर:
आपणा सर्वांचा ऋणी आहे. आज फोन केला. मॅनेजरबाईंनी अगत्याने ‘जरूर आणा’ असे सांगून नोंदही केली. अण्णांनी चपलांना तेल लावून त्या गॅलरीत सावलीला ठेवल्या आहेत.